तान्हं बाळ आणि घरची शाळा

हल्ली आमच्या मित्रमंडळींत वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी जाहीर करतं, "आम्ही मुलांना घरीच शिकवायचं म्हणतोय." मग ती अख्खी शनिवारची रात्र त्याच चर्चेत जाते. बोर्ड कुठलं घेणार? दहावीचं काय? जेईई देता येते का? मुलांना मित्र कसे मिळणार? हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि थोडी शोधाशोध केली की त्यांची उत्तरंही मिळतात. पण एक अगदी साधा प्रश्न मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. रोजचे तास कोण देणार? आणि जी ते देणार आहे तिच्या मांडीवर तान्हं बाळ असेल तर?

माझ्या डोक्यात हा प्रश्न यायचं कारण म्हणजे माझी ताई. ती क्रांती चौकाजवळ राहते आणि मी तिच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर. मी घरून काम करतो, त्यामुळे खाली काय चाललंय ते आपोआप कळतं (आणि ऐकूही येतं). ताई-दाजींना चार मुलं. थोरली ११ वर्षांची, मग ८ वर्षांचा, मग ५ वर्षांचा, आणि आता ७ महिन्यांची छकुली. हो, चार. त्यावर जे काही बोलायचं ते नातेवाइकांनी आधीच बोलून घेतलंय. मोठी दोघं तीन वर्षांपासून घरीच शिकतात, धाकट्याने अजून शाळा पाहिलेली नाही. छकुली यायच्या आधी हे सगळं बऱ्यापैकी रुळलं होतं. ती आली आणि भिंतीवरचं वेळापत्रक आठवड्याभरात निकालात निघालं.

आधी कायद्याचं सांगून टाकतो, म्हणजे नंतर मधेमधे येणार नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य ठरलं. पण पालकांनी तसं केलं नाही तर त्यांना अमुक दंड, तमुक शिक्षा असं या कायद्यात काही नाही. म्हणजे घरशाळेला कायद्यात स्वतःची अशी जागा नाही, आणि ती करणाऱ्या आईबापांना शिक्षाही नाही. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मधेच सोडलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा, अशी तरतूद कलम ४ मध्ये आहे. हे कलम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. परीक्षेसाठी एनआयओएस आहे, ते १९८९ पासून. महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ २०१७ साली स्थापन झालं, त्यात पाचवी, आठवी, दहावी, बारावी या स्तरांची सोय आहे. शिवाय आपला जुना १७ नंबरचा फॉर्म. थोडक्यात, कागदपत्रांची बाजू अवघड नाही.

आता उदाहरणांकडे. घरशाळेचा विषय निघाला की आमच्या क्षेत्रातली मंडळी हमखास मालविका जोशीचं नाव घेतात. मुंबईची मुलगी. आईने सातवीत शाळेतून काढून घरी शिकवलं. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटशिवाय थेट एमआयटीत प्रवेश मिळाला. आपल्या आयआयटीला मात्र बारावी लागते, म्हणून ते दार बंदच होतं. गोष्ट खरी आहे, मोठी आहे, आणि प्रोग्रॅमिंग करणाऱ्या कुणाही माणसाची छाती फुलावी अशी आहे. पण त्याच बातम्यांत आणखी एक ओळ होती, जी पुढे सांगताना लोक गाळतात. मुलीला शिकवण्यासाठी आईने आपली नोकरी सोडली होती.

ही ओळ नवी नाही, दीडशे वर्षं जुनी आहे. पंडिता रमाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळात बाईला संस्कृत शिकवणं म्हणजे मोठाच गुन्हा, म्हणून हे कुटुंब सह्याद्रीच्या रानात गंगामुळाला जाऊन राहिलं होतं. रमाबाई सगळ्यांत धाकट्या. त्यांच्या शिकण्याची वेळ आली तोवर वडील म्हातारे झाले होते, तेव्हा शिकवलं ते आईने. आणि ते कधी? तर पहाटे, उजाडायच्या आत, झोपेने जड झालेल्या पोरीला लाडीगोडीने उठवून. कारण उजाडल्यावर संसाराच्या कामातून लक्ष्मीबाईंना सवड नसे. शिकवणं सगळं तोंडी. त्या मुलीला २० वर्षांची असताना, १८७८ साली, कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

आपण ही गोष्ट सांगतो ती रमाबाईंच्या बुद्धीची आणि अनंतशास्त्रींच्या धैर्याची म्हणून. दोन्ही होतंच, वादच नाही. पण वेळ कुठून आला असं विचारलं तर उत्तर एकच आहे. लक्ष्मीबाईंच्या झोपेतून.

तर मुद्दा असा. घरची शाळा ही पद्धत, बोर्ड, पुस्तकं, अॅप या कशावरही चालत नाही. ती कुणाच्या तरी तासांवर चालते, आणि ते तास बहुतेक घरांत एकाच माणसाचे असतात. मोठी दोन मुलं असतात तोवर हे झाकून जातं. तान्हं बाळ आलं की झाकता येत नाही. आपल्या भाषेत बोलायचं तर बाळ हा सर्वांत वरच्या प्रायॉरिटीचा इंटरप्ट आहे, तो मास्क करता येत नाही. त्याने आधीपासूनच कच्चा असलेला भाग फक्त उघडा पाडला. सगळी सिस्टिम एकाच मशीनवर होती आणि बॅकअप नव्हता.

यावर लगेच "मग घरशाळा शक्यच नाही" असं म्हणायची घाई करू नका. कारण दुसऱ्या बाजूचाही हिशोब आहे आणि तो मला स्वतःला फार आवडतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं अपेक्षित आहे. म्हणजे दिवसाला ४ तास. प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक. आता २४० मिनिटं भागिले ३०. दर मुलाच्या वाट्याला शिक्षकाचं स्वतंत्र लक्ष आलं फार तर ८ मिनिटं. शाळेत मूल या ८ मिनिटांतच शिकतं असं मी म्हणत नाही. सगळ्यांना मिळून शिकवलेलं असतं, शेजारच्या बाकावरून कळलेलं असतं, मधल्या सुट्टीत भांडून शिकलेलं असतं. पण 'मोठ्या माणसाने माझ्याकडेच बघून समजावलं' असा वेळ एवढाच. त्यामुळे ताईने एका मुलासोबत शांतपणे २५ मिनिटं काढली तरी ती कमी नाहीत. घरी सहा तास वर्ग भरवायची गरज नसते. जी माणसं तसा प्रयत्न करतात ती दिवाळीपर्यंत थकतात.

गोची एवढीच की ती २५ मिनिटं सलग मिळायला हवीत.

ताईच्या घरची सकाळ तुम्ही बघायला हवी. छकुलीची मालीश, अंघोळ, धुरी. मग तिला झोळीत टाकायची. ती झोपली की आठ वर्षांचा हातच्याची वजाबाकी घेऊन हजर. चौथ्या उदाहरणाला पाच वर्षांचा येऊन सांगतो की त्याला शी लागली आहे. तेवढ्यात खालून हाक येते, नळ आला. (आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. पाण्याच्या दिवशी बाकी सगळं थांबतं.) मोटर लावून परत येईपर्यंत झोळी हललेली असते. वजाबाकी तिथेच. आणि आपल्याला ठाऊकच आहे, कॉन्टेक्स्ट स्विचनंतर पुन्हा त्या जागी यायला किती वेळ जातो. आठ वर्षांच्या मुलाला तर जास्तच.

ताईने काय केलं ते सांगतो, कारण ते कुणालाही उपयोगी पडेल. तिने घड्याळाचं वेळापत्रक काढून टाकलं. त्याऐवजी प्रत्येक मुलाची दोन याद्या. एक 'आई लागणारी', दुसरी 'आई न लागणारी'. दुसऱ्या यादीत शुद्धलेखन, नकाशे भरणं, 'किशोर' वाचणं, ई-बालभारतीवरून उतरवलेल्या पुस्तकातला स्वाध्याय, आणि अरविंद गुप्तांची काडेपेटी-सायकलच्या नळीतून करायची खेळणी. (त्यांच्या साइटवर ढीगभर पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही. अजून पाहिली नसतील तर आजच पाहा.) पहिली यादी छोटी, तीन-चार ओळींचीच. छकुली झोपली की ज्याची पहिली यादी जास्त अडली असेल तो आत. दूध पाजताना हात अडकलेले असतात, तोंड मोकळं असतं. तेव्हा गोष्टी, पाढे, तोंडी हिशोब. धाकट्याचं जवळजवळ सगळं शिक्षण असं आईला टेकून बसूनच चाललंय. लक्ष्मीबाईंचीच पद्धत, फक्त पहाट सोडून.

इथवर सगळं छान. पण थोरलीचं काय?

थोरली हुशार आहे, समजूतदार आहे. घरातल्या समजूतदार मुलीचं जे होतं तेच तिचं व्हायला लागलं. "जरा बाळाकडे बघ गं." "जरा झोका दे." "जरा दुपटं आण." प्रत्येक 'जरा' पाच मिनिटांचं. सकाळपासून असे पंधरा 'जरा' झाले की तिचा दिवस संपलेला. ती तक्रार करत नव्हती, उलट तिला बाळाचं कौतुकच होतं. नुकसान दिसत नव्हतं ते म्हणूनच.

मग एक दिवस समोरच्या काकूंनी दारात उभं राहून सरळ विचारलं, "का गं, पोरीला बाळ सांभाळायला शाळेतून काढलं का?"

ताईला फार लागलं. आपण इतकं वाचून, विचार करून हे सगळं करतोय आणि लोकांना हे दिसतं! ती संध्याकाळपर्यंत रडत होती. माझं मत मात्र असं की काकूंनी विचारलेला प्रश्न त्या शनिवारच्या चर्चांमधल्या सगळ्या प्रश्नांहून नेमका होता. कारण काकूंनी आयुष्यभर हेच पाहिलंय. कदाचित स्वतःच्या बाबतीतही. आपल्याकडे धाकट्या भावंडासाठी थोरलीची शाळा सुटणं ही पुस्तकातली गोष्ट नाही, घराघरातली आहे. आपण त्याला 'अनस्कूलिंग' असं छान नाव दिलं म्हणून आतला व्यवहार बदलत नाही. 'मूल घरकामातून शिकतं' हे वाक्य खरंच आहे. पण तेच वाक्य पोरीचं शिक्षण बंद करतानाही वापरता येतं. दोन्हींतला फरक कळायचा कसा?

याचं सगळ्यांत चांगलं उत्तर मला सापडलं ते ताराबाई मोडकांकडे. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. डहाणू तालुका, तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत, तर अनेकजण गुरं राखायला जातात. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. आणि थोरल्या मुली का येत नाहीत? तर कडेवर भावंड असतं. यावर ताराबाईंनी 'भावंडाला घरी ठेवून ये' असं म्हटलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा तिन्ही एकाच आवारात आणली. विकासवाडी ती हीच. मुलगी कडेवरच्या भावासकट यायची, तो पाळणाघरात, मधला बालवाडीत, ती वर्गात.

यातली मेख बघा. ताराबाईंनी बाळाला अडचण मानलं नाही आणि त्या मुलीला आयाही मानलं नाही. बाळ शाळेच्या हिशोबात धरलं, आणि ते सांभाळायला एक मोठं माणूस नेमलं. मुलीचे तास तिला परत मिळाले. एवढी स्पष्ट रचना आपण शिकले-सवरलेले लोक चार खोल्यांच्या फ्लॅटमध्ये करू शकत नाही, याचं मला नवल वाटतं.

तर आमच्याकडे पुढे काय झालं? रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मीच दाजींपाशी विषय काढला. दाजी वाळूजला एका कंपनीत आहेत, जनरल शिफ्ट, सकाळी बसने जातात ते सहाच्या पुढे येतात. माणूस सरळ आहे, पण घरचं सगळं ताई बघते अशी त्यांची पक्की समजूत.

"दाजी, तुमच्या लाइनवर चार मशिनींना एकच ऑपरेटर ठेवला, आणि त्याला सुट्टीही नाही, तर चालेल का?"

"कसं चालेल? बदली माणूस लागतो."

"मग ताईला बदली कोण?"

दाजी काही बोलले नाहीत. पण सोमवारपासून संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ छकुली त्यांच्याकडे. तिचं मऊ भाताचं भरवणंही त्यांच्याकडेच. दुपारी पाऊण तास माझ्याकडे, माझ्या जेवणाच्या सुट्टीत. (स्टँडअप कॉलमध्ये एकदा ती कॅमेऱ्यावर दिसली, टीमला माझ्यापेक्षा तीच आवडते.) आणि थोरलीसाठी एक नियम. सकाळी १० ते १२ तिच्या खोलीचं दार बंद. त्या दोन तासांत तिला कुणीही हाक मारायची नाही, घरात काही सांडलं तरी. बाळासाठी तिचा रोज अर्धा तास, तो संध्याकाळी पाच वाजता, ठरलेला. तेवढाच अर्धा तास आठ वर्षांच्या भावाचाही. झोळीला झोका द्यायला मुलगीच लागते असं कुठे लिहिलेलं नाही.

ही वाटणी बरोबरीची आहे का? मुळीच नाही. ताईचे तास अजूनही सगळ्यांत जास्त आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळवापर पाहणी केली होती. त्यात दिवसभरात घरकाम केलेल्या बायका १०० मध्ये ८१, पुरुष २६. ज्यांनी केलं त्यांचा सरासरी वेळ बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. म्हणजे जे पुरुष करतात त्यांचंही एक तृतीयांशच, आणि बाकीच्या तीन चतुर्थांश पुरुषांची नोंद शून्य. आता या पाच तासांवर आणखी तीन मुलांची शाळा ठेवा आणि वर तान्हं बाळ. हे गणित आपल्यातला कुठलाही प्रोजेक्ट मॅनेजर एका मिनिटात नामंजूर करेल. घरी मात्र आपण तोच प्लॅन 'आईपणाचं सुख' म्हणून मंजूर करतो.

नोकरी करणाऱ्या आईचं तर विचारूच नका. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, पण आधीच दोन मुलं असतील तर १२ च. मुलं जास्त असतील तर रजा जास्त लागेल असं आपल्याला वाटतं, कायद्याला उलट वाटतं. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस, तेही दोनपेक्षा कमी मुलं असतील तर. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही, कंपनी देईल ते. त्यामुळे जी घरं तीन-चार मुलांना घरी शिकवतात तिथे आई नोकरीबाहेर असते, हा योगायोग नाही.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला, "आम्ही बाई ठेवू." जरूर ठेवा, परवडत असेल तर ठेवलीच पाहिजे. पण मग हिशोबात तिचं नाव लिहा, 'आम्ही दोघांनीच केलं' असं मिरवू नका. आणि तिचं स्वतःचं लेकरू घरी कोण बघतंय, हेही एकदा विचारा. तिच्या थोरल्या मुलीने शाळा बुडवून ते सांभाळायचं आणि आपल्या मुलांनी मुक्तपणे शिकायचं, असं असेल तर कोसबाडच्या टेकडीवर जो प्रश्न कधीच सुटला तो आपण आपल्याच स्वयंपाकघरात परत निर्माण केला म्हणायचं.

दुसरा आक्षेप, "एवढी उस्तवार करायची तर शाळेतच घाला की!" बरोबर आहे. अनेक घरांसाठी हेच उत्तर आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. शाळा हे शेवटी तास वाटून घेण्याचंच एक यंत्र आहे. एका मुलाला वर्षभर शाळेत घातलं, बाळ मोठं झाल्यावर पुन्हा विचार केला, असंही करता येतं. मघाशी सांगितलेलं कलम ४ त्यासाठीच लक्षात ठेवायचं. घरशाळा ही काही घेतलेली शपथ नव्हे. ताईनेही ठरवलंय, जूनपर्यंत आठ वर्षांच्याचं गणित मार्गी लागलं नाही तर तो जवळच्या शाळेत जाईल. तो खुशीत आहे, त्याला डबा न्यायचाय.

मग करायचंच कशाला? तर त्याचंही उत्तर देतो. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सगळी वरात क्रांती चौकात गेली. थोरलीला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची उंची मोजायची होती. चौकोनी कागद तिरपा दुमडला की ४५ अंशांचा कोन होतो. त्या कडेवरून पुतळ्याचं टोक दिसेल अशा जागी उभं राहायचं, तिथून चबुतऱ्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजायचं, त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवायची. उत्तर आलं ४६ फूट. खरी उंची ५२, म्हणजे ३१ फुटांचा चबुतरा आणि त्यावर २१ फुटांचा पुतळा, फेब्रुवारी २०२२ पासूनचा. सहा फूट गेले कुठे? दहा मिनिटं वाद झाला आणि आठ वर्षांच्याने शोधून काढलं की पावलं चबुतऱ्याच्या कडेपर्यंतच मोजली, महाराज तर मधोमध आहेत! मग परत येताना प्रश्न, चौकाचं नाव क्रांती का? मग १८५७ चा जून, इथल्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने केलेलं बंड, ज्या शिपायांना मृत्युदंड झाला ते, आणि काळा चबुतरा. धाकट्याला फक्त घोडे कळले. तेवढेही पुरे.

हे सगळं चाळीस-पन्नास मिनिटांचं. वर्गात हे होत नाही असं नाही, पण एवढ्या निवांतपणे क्वचित होतं. आणि हे होऊ शकलं कारण त्या वेळात छकुली दाजींच्या खांद्यावर होती आणि ताईचे दोन्ही हात मोकळे होते. घरशाळेतलं जे काही सुंदर आहे ते अशाच मोकळ्या हातांनी होतं.

म्हणून, मंडळी, पुढच्या वेळी कुणी "घरीच शिकवायचं म्हणतोय" असं म्हणालं तर अभ्यासक्रमाची लिंक पाठवायच्या आधी त्यांना एक गृहपाठ द्या. फ्रिजवर एक कागद लावा. सात दिवस, दर तासाला एक चौकोन. त्या तासात बाळ कुणाकडे होतं त्याचं नाव लिहायचं, बस्स. रात्रीचे तासही धरायचे. आठवड्याने कागद बघा. सगळ्या चौकोनांत एकच नाव असेल, तर शाळा सुरू करायच्या आधी तो कागद बदलावा लागेल. आणि दुसरं नाव घरातल्या ११ वर्षांच्या मुलीचं असेल, तर आजच बदलावा लागेल. बोर्ड कुठलं घ्यायचं ते नंतर निवांत बघता येईल.